ऑटोमाउंटरमधली लॉकची भानगड: या चुका टाळा

इंदूरच्या एका कॉलेजात लॅबचे होम फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरवरच्या फायली वापरायच्या सोयीवर, आहेत. ते लागतील तेव्हा आपोआप जोडणारा (माउंट करणारा) ऑटोमाउंटर हा एक डिमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम; माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेला, लिनक्स कर्नलच्या ऑटोएफएस या भागाशी बोलणारा. प्रॅक्टिकलच्या वेळी सगळी पोरं एकदम लॉगिन करतात, तेव्हा एखाद्याला 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' दिसतं; पुन्हा लॉगिन केलं की सगळं ठीक. लॅबवाले काका म्हणतात, "सर्व्हर हळू आहे, टाइमआउट वाढवा."

नका वाढवू. हा टाइमआउट म्हणजे न वापरलेलं माउंट किती वेळाने काढायचं ती मुदत. ३०० सेकंदांचे ३००० केले तर माउंट क्वचित सुटतील आणि बिघाडही क्वचित दिसेल, एवढंच. कोडमध्ये स्लीप टाकणं त्याच जातीचं. डीबग लॉग लावल्यावर बिघाड गायब झाला तर तो बरा झाला असं समजू नका. लॉग लिहिण्यात वेळ जातो आणि थ्रेडांचा (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचा) क्रम बदलतो.

होतं असं: एक थ्रेड लॉक (एका वेळी एकालाच नोंद हाताळू देणारं कुलूप) घेऊन बघतो, माउंट आहे. लॉक सोडतो. तेवढ्यात मुदत संपलेली माउंट काढणारा एक्स्पायरीचा थ्रेड तेच माउंट काढतो, आणि पहिला मात्र शिळ्या माहितीवर कर्नलला 'तयार' कळवून मोकळा होतो.

यावर घाईचा उपाय म्हणजे अख्खं माउंट एकाच म्यूटेक्सखाली, म्हणजे सगळ्यांच्या एकाच लॉकखाली, घालणं. मग एक सर्व्हर मेला की त्याच्याशी देणंघेणं नसलेलेही ताटकळतात. त्याऐवजी प्रत्येक नोंदीला अवस्था द्या: रिकामी, जोडतोय, जोडलेली, काढतोय. लॉक घ्या, अवस्था बदला, लॉक सोडा, मग माउंट करा; झालं की पुन्हा लॉक घेऊन निकाल लिहा आणि थांबलेल्यांना उठवा. थांबणाऱ्यांनी कंडिशन व्हेरिएबलवर (कुणी उठवेपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सोयीवर) व्हाइल लूप लावायचा, इफ नव्हे, म्हणजे जाग आली की अवस्था पुन्हा तपासली जाते. अनमाउंटला 'बिझी' उत्तर आलं तर अवस्था परत 'जोडलेली'. तिथे लेझी अनमाउंट वापरायचा मोह होतो, पण त्यात फक्त नाव फोल्डरांच्या झाडावरून उतरतं. उघड्या फायली मागे चालूच राहतात.

रीड लॉक (फक्त वाचण्यापुरतं, अनेकांना एकदम मिळणारं) हातात ठेवून त्याच थ्रेडने राइट लॉक (बदल करायचं, एकालाच मिळणारं) मागू नये, पीथ्रेड या थ्रेडांच्या लायब्ररीत अशी बढती नाही. रीड सोडा, राइट घ्या, नोंद नव्याने तपासा.

एक चूक फार उशिरा सापडते. डिमनच्या प्रोसेस ग्रुपमधल्या (त्याच्याच गटातल्या) प्रक्रियांनी माउंटच्या वाटेला हात लावला तर कर्नल नवं माउंट मागत नाही. डिमनने चालवलेली मदतनीस स्क्रिप्ट सेटसिड करून (नवं सेशन सुरू करून) त्या ग्रुपबाहेर गेली, की ती डिमनची वाट बघते आणि डिमन तिची. असं अडकलं की डिमन लगेच मारू नका. आधी जीडीबी या डीबगरने सगळ्या थ्रेडांचे बॅकट्रेस (कोण कुठल्या फंक्शनमध्ये अडकलंय ती यादी) घ्या.

चाचणीसाठी टाइमआउट उलट १-२ सेकंदांवर आणा आणि अनेक टर्मिनलांतून त्याच फोल्डरवर एलएसचा (फोल्डरमधली यादी दाखवणाऱ्या कमांडचा) लूप रात्रभर चालवा. थ्रेड सॅनिटायझर हे तपासणीचं साधन जरूर लावा, पण ते लॉकविना झालेली वाच-लिही पकडतं. इथे दोन्ही थ्रेड लॉक रीतसर घेतात, त्यामुळे ते गप्प राहिलं तरी लूप चुकवू नका.