साधी लाकडी शवपेटी कशी बनवावी: लाकूड, तळ आणि सांधे

शवपेटीची कामं दोन. एका माणसाचं वजन घरापासून कबरीपर्यंत डगमगू न देता न्यायचं आणि नंतर मातीत मिसळून जायचं. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांत पैसा जातो तो चकचकीत पॉलिश, पितळी रंगाची फुलं आणि सॅटिनच्या झालरीत. तळ मात्र पातळ प्लायचा असतो. मला हे पटत नाही. पेटीची खरी मेहनत तळात आणि सांध्यांत असते, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितो आहे.

फळ्या आणायच्या आधी दफनभूमीच्या कार्यालयात दोन गोष्टी विचारून घ्या: कबरीची आतली लांबी-रुंदी किती आणि कुठलं साहित्य चालतं. मुंबईत आणि आसपास जागेअभावी त्याच कबरी पुन्हा वापरल्या जातात. लॅमिनेट लावलेलं किंवा मेलामाइन पॉलिश मारलेलं प्लायवुड वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पुढच्या दफनाच्या वेळी अडचण होते. काही धर्मग्रामांत (चर्चच्या पॅरिशमध्ये) म्हणूनच पेटीऐवजी सुती कापडात दफन करण्याचा आग्रह धरला जातो. तो पर्याय असेल तर घरच्यांनी त्याचाही विचार जरूर करावा.

लाकूड निवडताना

साग नको. तो टिकाऊ म्हणून महाग, आणि इथे टिकाऊपणाच नको आहे. आंबा, सिल्व्हर ओक किंवा चीड (पाइन) पुरेसं होतं. आंब्याला कीड लवकर लागते, तेव्हा पेटी आधीपासून करून ठेवायची असेल तर चीड घ्या. फळी पाऊण इंच जाडीची, वाळलेली, आणि खांद्याच्या वळणाच्या जागी (पेटी सहा कोनांची असते, खांद्यापाशी सगळ्यांत रुंद) गाठ नसलेली हवी. इंग्लंडात पूर्वी एल्मच्या फळ्या वापरत, कारण ते लाकूड सहजी चिरत नाही आणि ओलावा सोसतं.

अमेरिकेत चौकोनी, पोलादी पत्र्याच्या पेट्या सर्रास दिसतात. तिथे पत्रा गेजवर मोजतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे १६ गेज हा २० गेजपेक्षा भारी. काहींना झाकणाभोवती रबराची पट्टी असते. पण अशा पेटीत देह कायमचा टिकतो असा दावा करायला तिथल्या १९८४ च्या अंत्यविधी नियमावलीने विक्रेत्यांना बंदीच घातली आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०२४ मध्ये पोपच्या अंत्यविधीचे नियम सोपे केले. एकात एक तीन पेट्यांची जुनी प्रथा गेली आणि आतून जस्ताचा पत्रा लावलेली एकच लाकडी पेटी आली. २६ एप्रिल २०२५ रोजी त्यांचं दफन तशाच पेटीत झालं.

मापं

माणसाच्या उंचीत चार इंच मिळवा, कारण पावलं खाली ताणली जातात. खांद्याच्या रुंदीत दोन-तीन इंच मिळवा. साधारण पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला आतून सहा फूट लांबी, डोक्याकडे १३ इंच, खांद्याला २२ इंच, पायाकडे १२ इंच आणि खोली १४ इंच हे माप बसतं. खांद्याची रेषा डोक्याच्या टोकापासून १८ इंचांवर येते. अंगाने भरलेल्या माणसासाठी पोटाची रुंदी आणि उंचीही मोजा.

तळ

फळीला फळी सरसाने किंवा फेविकॉलने जोडून २२ इंच रुंदीचा पाट तयार करा. त्यावर आधी मधोमध उभी रेषा मारा आणि सगळी मापं त्या रेषेपासून दोन्हीकडे निम्मी-निम्मी घ्या. एका कडेवरून मापलं तर पेटी हमखास वाकडी होते. सहा कोनांचा आकार कापला की खालून एक इंच जाडीच्या तीन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवा: एक खांद्याखाली, एक कमरेखाली, एक पोटऱ्यांखाली. वजन त्या पेलतात, आणि पेटी कबरीत टेकल्यावर खालचे दोर ओढून काढायला फटही ठेवतात.

खांद्याचं वळण

या कामात हात इथेच दिसतो. बाजूची फळी डोक्यापासून पायापर्यंत अखंड ठेवतात, खांद्यावर तुकडे जोडत नाहीत. फळी लांबीला साडेसहा फूट घ्या. वळण येणार त्या जागी आतल्या अंगाने करवतीचे चार-पाच आडवे काप द्या, एकमेकांपासून अर्ध्या इंचावर. पाऊण इंचाच्या फळीत बाहेरच्या अंगाला तीन मिलिमीटर लाकूड शिल्लक राहायला हवं. जास्त राहिलं तर फळी वळत नाही, कमी राहिलं तर तडकते. करवतीच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावली की सगळे काप सारखे येतात.

मग फळीच्या बाहेरच्या अंगावर, वळणाच्या जागी, उकळतं पाणी हळूहळू ओता. आधी डोक्याकडचा भाग तळाच्या कडेला स्क्रूने पक्का करा आणि पायाकडचं टोक धरून फळी सावकाश आत ओढा. काप मिटत जातात, वळण गोलसर बसतं. घाई केली तर कट्‌ असा आवाज येतो आणि फळी वाया जाते. काप मिटल्यावर त्यांत फेविकॉल आणि लाकडाचा बारीक भुसा भरून रात्रभर क्लॅम्प लावून ठेवा.

बाजू तळाच्या वर उभ्या करू नका, तळाला बाहेरून बिलगून बसवा. स्क्रू बाजूतून आडवे तळाच्या कडेत जातात, दर पाच-सहा इंचांवर एक, आधी बारीक भोक पाडून. उचलताना हे स्क्रू आडवा भार घेतात. तळ नुसता खालून ठोकलेला असेल तर तोच भार खिळे उपसून काढतो.

ज्यू परंपरेत धातू टाळून लाकडी खुंट्यांनी सांधे करतात. वेळ आणि हात असतील तर ती पद्धत उत्तम.

आतलं काम, कड्या, झाकण

आतल्या सांध्यांवर वितळवलेलं मेण फिरवा. तळाला दोन इंच कोरडा भुसा पसरून वर सुती चादर लावा. भुसा ओल शोषून घेतो. प्लास्टिकचा कागद घालू नका.

उचलायला काथ्याचा जाड दोर उत्तम. दोन्ही बाजूंना तीन-तीन जागी दोन भोकं पाडून दोर ओवा आणि आत भक्कम गाठी मारा. भोकांमागे आतून लाकडी पट्टी असू द्या, नाहीतर फळी फाटेल. धातूच्या कड्या हव्याच असतील तर त्या आरपार बोल्टने बसवा, स्क्रूने नाही.

झाकण चहूबाजूंनी अर्धा इंच बाहेर ठेवा. वरून मेण किंवा जवसाचं तेल पुरतं. तेल वाळायला काही दिवस जातात, म्हणून उद्याच दफन असेल तर फक्त मेण. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

शेवटी सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या आत ठेवून सहा जणांनी पेटी उचलून अंगणात फिरवा. कुठे करकर ऐकू आली तर तिथे आणखी स्क्रू द्या. झाकणाचे आठ स्क्रू आणि त्यांना बसणारा पेचकस एका पिशवीत घालून पायाकडच्या दोराला बांधून ठेवा.