जळतनासाठी चेनसॉ घ्यायची? आधी दोरी घेऊन धुऱ्यावर जा

आमच्या घरी सिलेंडर येऊन बरीच वर्षं झाली पण आंघोळीचं पाणी अजून मागच्या चुलीवरच तापतं, आणि कोणाची तेरवी नाहीतर रोडग्याचा कार्यक्रम निघाला की गॅसवर काय भागतं? पऱ्हाटी-तुराट्या ढीगभर आहेत पण त्या भसकन पेटतात अन् भसकन विझतात, पाणी कोमटच्या कोमट. त्यामुळे पावसाळ्याआधी दोन-तीन बैलबंड्या जाड लाकूड कापून ठेवावंच लागतं. पूर्वी कुऱ्हाडीच्या कामाला माणसं मिळायची, आता कापूस वेचायलाच कोणी मिळत नाही, म्हणून गावोगाव चेनसॉ, म्हणजे आमच्याकडची कटर मशीन, दिसायला लागली. मी पहिली मशीन चुकीची घेतली, दुसरी बरी घेतली. मधल्या काळात जे कळलं ते लिहितो.

१. लाकूड मोजा, मशीन नंतर बघा

सगळे इथंच चुकतात, मी पण चुकलो. ऑनलाइन ५८ सीसीचं इंजिन आणि २२ इंची बार (ज्याच्यावर चेन फिरते ती लांब पट्टी) पाच-सात हजारांत दिसला, वाटलं एवढी मोठी मशीन एवढ्या स्वस्तात, घेऊन टाका. खोकं उघडलं तेव्हा मोठेबाबा ओट्यावर बसले होते, म्हणाले, "अरे, आपली बाभूळ तं मांडीएवढी बी नाई, अन् हे काहाले आणलं, सागाचं जंगल पाडाले?" तेव्हा राग आला, पण महिन्याभरात पटलं. लांब बारचं टोक कापता कापता ओंडक्याच्या पलीकडे जाऊन मुरमात घुसायचं आणि एका सेकंदात चेनची धार जायची. वर वजन, पेट्रोल-ऑइल भरलं की अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

म्हणून एक सुतळी घ्या, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर जा, जे लाकूड खरंच कापायचं आहे त्याला गुंडाळा आणि घेराला तीनाने भागा, आली जाडी. घेर ३० इंच भरला तर जाडी १० इंचाच्या आसपास. अशी आठ-दहा लाकडं मोजा आणि जी जाडी जास्त वेळा येते त्यात दोन-चार इंच मिळवा, तेवढा बार घ्या. घरच्या जळतनाला, सुबाभूळ, बोर, कडुनिंबाच्या खांद्या, मधल्या बाभळी, १४ इंच बहुतेकांना पुरतो, १६ म्हणजे चैन. वर्षातून एखादा जाड बुंधा आलाच तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो, त्याच्यासाठी बाकी वर्षभर जड मशीन उचलायची काही गरज नाही.

सीसीचं गणित त्याच्या मागून येतं. १२-१४ इंची बारला ३० ते ३८ सीसी, १६-१८ इंचीला ४० ते ५० सीसी, असं धरून चाला. फक्त आपल्याकडची वाळलेली बाभूळ आणि धावडा ही लाकडं नाहीत, लोखंड आहे, त्यामुळे तीच जास्त कापायची असेल तर बार लांब न घेता इंजिन थोडं दमदार घ्या. आणि जमलं तर बाभूळ ओली असतानाच तुकडे पाडा अन् मग वाळवा, चेन कमी झिजते.

२. पेट्रोल, वायर की बॅटरी

वायरवाली मशीन मला मनापासून आवडते. हलकी, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही, आणि घराच्या मागे आणून टाकलेलं लाकूडच फक्त कापायचं असेल तर तीच घ्या. पण २००० वॅटची मशीन २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढते, म्हणजे टीव्हीच्या बोर्डाला लावायची नाही, १६ अँपिअरचा सॉकेट पाहिजे आणि लांब न्यायची तर निदान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज एवढं पडतं की पंख्याची पाती मोजून घ्यावीत, अशात मोटर जोर लावते, तापते आणि मग जळल्याचा वास येतो. सकाळी कापा नाहीतर घेऊच नका. शेतात तर लाइनच रात्रीची, तिथं हा विषय संपला.

बॅटरीवाली छोटी, २१ व्होल्ट आणि ६ इंची बार, ती संत्र्याची सल (वाळक्या काड्या) काढायला, बोराट्या छाटायला झकास. वरुड-मोर्शीकडच्या बागवाल्यांनी घ्यावी. जळतनाला ती खेळणं आहे. मोठ्या बॅटरीच्या मशीन चांगल्या असतात पण पैसे बघून मी परत ठेवली.

उरली पेट्रोल. शेतात चालणारी, कुठंही चालणारी, आणि सगळ्यात जास्त मिजास करणारी.

३. दुकानात हात लावून काय बघायचं

फोटो बघून घेऊ नका, यवतमाळला, नागपूरला जाऊन हातात धरा. दोन्ही हातांनी छातीच्या खाली धरून दोन मिनिटं नुसते उभे राहा, खांदे लगेच सांगतात.

मग पुढच्या हँडलसमोरचा तो प्लास्टिकचा दांडा, तो म्हणजे चेन ब्रेक. मशीन बंद असताना तो पुढे ढकला, टक् आवाज आला पाहिजे, आणि नंतर हातमोजा घालून चेन ओढली तर हलली नाही पाहिजे. मागे ओढला की मोकळी. हे होत नसेल तर ती मशीन फुकट दिली तरी आणू नका. कारण बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की पूर्ण बार उसळून तोंडाकडे येतो, इतका झटकन की माणूस काही करू शकत नाही, तेव्हा तोच ब्रेक वाचवतो. ट्रिगरच्या वरचं लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर दबला नाही पाहिजे. मागच्या हँडलला रबर किंवा स्प्रिंग आहे का तेही बघा, नाहीतर संध्याकाळी भाकर मोडताना बोटं झिणझिणतात.

आता दुकानदाराला सांगा, थंड मशीन माझ्यासमोर चालू करून दाखव. आधीच गरम करून ठेवलेली कोणतीही मशीन एका ओढीत सुरू होते. चालू झाली की बारचं टोक खोक्याच्या पुठ्ठ्याकडे धरून रेस द्यायला लावा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ऑइल पंप चेनपर्यंत तेल पोचवत नाही, आणि कोरडी चेन बारला खाऊन टाकते.

४. स्टील (Stihl), हुस्क्वार्ना की बिननावाची

स्टील, हुस्क्वार्ना, मकिता या कंपन्यांच्या नावांना पैसे जास्त पडतात. स्टीलची एमएस १७० ही सगळ्यात छोट्यांपैकी, ३०.१ सीसी, आणि घरच्या जळतनाला ती कमी पडते असं मला वाटत नाही. स्वस्त मशीन वाईटच असते असंही नाही, माझ्या ओळखीत एकाची चार उन्हाळे चालली. प्रश्न वेगळा आहे, चेन कुठं मिळणार? स्टार्टरची दोरी तुटली, पेट्रोल ओढणारा प्रायमरचा फुगा फाटला, तर तालुक्याला पार्ट मिळतो का? माझ्या पहिल्या मशीनचा कार्ब्युरेटर गेला तेव्हा विकणाऱ्याने फोन उचलायचं बंद केलं आणि मशीन सहा महिने कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून होती. म्हणून घेण्याआधी जवळच्या रिपेरिंगवाल्याला विचारा तो काय दुरुस्त करतो, तो ज्याचं नाव घेईल ते घ्या, यूट्यूबवाला घेईल ते नको.

बारवर बारीक अक्षरात पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि कड्यांची संख्या कोरलेली असते, त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. चेन नुसती "१६ इंची द्या" म्हणून मिळत नाही, मिळाली तर बसत नाही. मशीनसोबतच दोन जादा चेन आणि त्या चेनच्या मापाची गोल कानस घ्या. छोट्या लो-प्रोफाइल चेनला ४ एमएमची, ०.३२५ इंच पिचला ४.८ एमएमची. पैसे कमी पडत असतील तर मशीन एक नंबर खालची घ्या पण कानस सोडू नका. धार आहे की गेली ते ओळखायला काही लागत नाही, खाली काय पडतं ते बघा. ढलप्यांसारखा जाडसर भुसा पडला तर धार आहे, पिठासारखा उडाला तर थांबा आणि कानस मारा, जोर लावू नका.

५. तेल-पेट्रोल

ज्यांनी लुना चालवली त्यांना सांगायची गरज नाही. पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळायचं, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, बऱ्याच स्वस्त मशीनच्या पुस्तकात २५ ला १ असतं म्हणजे लिटरला ४० मिली, जे पुस्तकात असेल ते. नुसतं पेट्रोल टाकलं तर पिस्टन जाम होतो. चेनचं तेल वेगळ्या टाकीत. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल टाकू नका, त्यात धातूचा कीस असतो आणि पंप बसतो.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते ओलावा ओढतं. आपली मशीन होळीनंतर दोन महिने चालते आणि मग वर्षभर कोपऱ्यात, म्हणून लागेल तेवढंच मिसळा आणि ठेवताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. माझा कार्ब्युरेटर यानेच गेला होता, विकणाऱ्याला उगाच एवढ्या शिव्या दिल्या.

६. कापायला लागण्याआधी

डोक्याचा दुपट्टा काढून ठेवा, नाहीतर पूर्ण खोचा, लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं की मान जाते. गॉगल, कानात इअरप्लग, पायात चप्पल नाही तर बूट. चालू करताना मशीन जमिनीवर, मागच्या हँडलमध्ये पाय, मग दोरी.

धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीत एक गंमत असते. कधीकाळी कुंपणाला ठोकलेली काटेरी तार झाड गिळून टाकतं, बाहेरून काही दिसत नाही. माझी नवी चेन तिसऱ्याच ओंडक्यात कर्रर्र करून गेली, ठिणग्या उडाल्या. नंतर शिकलो, कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला की समजायचं जवळ लोखंड आहे, तिथून वीतभर सोडून दुसरीकडे कापायचं.

आणि झाड आपल्या शेतातलं आहे म्हणून काहीही पाडता येत नाही. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, आधी परवानगी काढा. राखीव जंगलात तर मशीन नेऊच नका, १९२७ च्या वन कायद्यात लाकडासोबत हत्यारं पण जप्त होतात.

शेवटचं, गावात मशीन आली की दुसऱ्या दिवशी मागणारे येतात. नाही म्हणता येत नाही, सोयरेच असतात. मी जुनी झिजलेली चेन वेगळी ठेवली आहे, मशीन द्यायच्या आधी तीच चढवतो. माणूस तासाभरात घाम पुसत मशीन परत आणतो, म्हणतो, "भाऊ, तुमच्या मशीनमधी दम नाई."