मिनी ट्रॅक्टरच्या मागील हायड्रॉलिक जोडणीचा पुरेपूर वापर

मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या ऑक्झिलरी व्हॉल्व्हला (बाहेरच्या अवजारांना दाबाचे ऑइल देणारी जोडणी) बहुतेक जण फक्त ट्रॉलीचा जॅक जोडतात. परंतु दोन पाइपांची सोय असेल, तर पलटी नांगर सीटवरूनच फिरवता येतो आणि टॉप लिंकच्या (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) जागी हायड्रॉलिक सिलिंडर बसवल्यास अवजाराचा कल खाली न उतरता बदलता येतो. माझ्या मते छोट्या ट्रॅक्टरला टॉप लिंकची ही सोय सर्वाधिक उपयोगी पडते.

पाइप जोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवून दाब सोडावा. उन्हात पडलेल्या पाइपमधील ऑइल तापून फुगते आणि मग कपलर (पाइप व्हॉल्व्हला जोडणारे टोक) कितीही रेटला तरी बसत नाही. कपलरच्या तोंडावरची माती स्वच्छ फडक्याने पुसावी, कारण चिमूटभर वाळूसुद्धा व्हॉल्व्हमध्ये ओरखडे पाडते. जोडीच्या पाइपांना एकाच रंगाची टेप गुंडाळली, तर एका जोडीची दुसऱ्या जोडीशी अदलाबदल होत नाही.

सिलिंडर शेवटापर्यंत गेल्यावर लिव्हर लगेच सोडावा. तो धरून ठेवल्यास रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून ऑइल तापते. मोठ्या जॅकमध्ये बरेच ऑइल जाते, म्हणून ट्रॉली खाली असतानाच पातळी तपासावी. गळती बोटाने कधीही चाचपू नये, कारण बारीक छिद्रातून सुटणारी ऑइलची धार कातडीत शिरते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवावा.