नागपुरात पॉडकास्ट करायचा तर आधी कूलर बंद करा

माइक कोणता घेऊ, हा प्रश्न नंतरचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, घरोघरी कूलर सुरू असतो आणि त्याची घरघर आवाजात मिसळली की पूर्णपणे निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी लवकर, कूलर बंद ठेवून रेकॉर्ड करते.

मी इतवारी बाजारातल्या जुन्या दुकानदारांच्या मुलाखती घेते. दुकानाच्या तोंडाशी हॉर्न आणि हातगाड्या, त्यामुळे मी मागच्या गोदामात बसायला सांगते. कापडाच्या ताक्यांनी भरलेली भिंत आवाज शोषून घेते, खोली घुमत नाही. घरी रेकॉर्ड करत असाल तर गाद्या-रजयांची खोली निवडा.

माइक डायनॅमिक प्रकारचाच घ्या, तो जवळचा आवाज पकडतो, लांबचा फारसा नाही. कंडेन्सर हा दुसरा प्रकार नाजूक आवाज छान पकडतो, पण रस्त्यावरचा हॉर्नही तितक्याच प्रेमाने पकडतो. सॅमसन क्यू-टू-यू हा माइक यूएसबी (थेट संगणकाला) आणि एक्सएलआर (मिक्सर-रेकॉर्डरची तीन पिनांची केबल) दोन्हीवर चालतो, म्हणून सुरुवातीला सोयीचा. दोघे बोलणार असतील तर माइक दोन हवेत आणि ट्रॅकही, म्हणजे प्रत्येकाच्या आवाजाची नोंद, वेगवेगळे. माइक तोंडापासून चार बोटांवर, पण किंचित तिरपा ठेवा. मराठीत फ, भ, ख, ध यांच्याबरोबर श्वासाचा झोत येतो. समोरून धरलात तर ‘भाऊ’ म्हणताच धप्प वाजतं.

लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा नोंदला जातोय, ते बघायला मी विचारते, ‘काकाजी, आज नाश्त्याला काय होतं?’ तर्री-पोह्यांचं वर्णन सुरू होतं तेव्हा आवाजाचं सगळ्यात उंच टोक मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवते, शून्याला टेकलं की आवाज फाटतो. गोष्ट रंगली की आवाज चढतोच, त्याला जागा हवी. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून दहा सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या.

आवाज कापायला-साफ करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्या दहा सेकंदांवरून ‘नॉइज रिडक्शन’चं प्रोफाइल (खोलीतल्या गोंगाटाचा नमुना) घ्या आणि हलक्या हाताने लावा, जास्त लावलं तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. शांत जागा आपोआप कापणारं ‘ट्रंकेट सायलेन्स’ मात्र लावू नका. ऐंशीच्या घरातला माणूस नाव आठवायला थांबतो, तो थांबा त्याच्या बोलण्याचाच भाग आहे. शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने आवाज उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा, ॲपलची शिफारस तीच आहे.

स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर होस्टिंग, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायची जागा, मोफत आहे. तिथली आरएसएस लिंक (नवे भाग ॲपपर्यंत पोहोचवणारा पत्ता) ॲपल पॉडकास्ट्सला स्वतः द्यावी लागते. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं करा आणि नाव जाड अक्षरात लिहा, कारण फोनवर अंगठ्याएवढं झालं की बारीक मात्रा-वेलांट्या दिसेनाशा होतात.

प्रसिद्धीसाठी पैसे घालू नका. मुलाखतीतला सगळ्यात जिवंत मिनिटभराचा तुकडा कापा, त्यावर मराठी अक्षरं चढवा आणि आधी काकाजींच्या नातवाला पाठवा. तो घरच्या ग्रुपवर टाकतो, तिथून तो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर जातो, मग पुण्या-मुंबईत गेलेल्या नागपूरकरांकडे. सोबत पूर्ण भागाची लिंक द्या आणि कितव्या मिनिटाला काय आहे तेही लिहा.