सीजेए पॅनल: इन्व्हेस्टिगेटरचे तास संपायच्या आधी कोर्टात जा

अमेरिकेत फेडरल कोर्टाच्या सीजेए पॅनलवर (क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टखाली, वकील न परवडणाऱ्या आरोपींसाठी कोर्ट नेमतं आणि पैसे देतं त्या खासगी वकिलांची यादी) नाव लागलं की आपल्या फीबद्दल, म्हणजे सीजेए 20 हा बिलाचा फॉर्म, म्हणजेच व्हाउचर, कसा भरायचा वगैरे, सगळे सांगतात. इन्व्हेस्टिगेटर आणि एक्स्पर्टच्या पैशांबद्दल मात्र कोणी शेजारी बसवून सांगत नाही, आणि मी तिथेच अडकले.

माझी तिसरी केस. इन्व्हेस्टिगेटरसाठी कोर्टाकडून 20 तासांची ऑर्डर घेतली होती. दोन साक्षीदारांपैकी एक घर सोडून गेलेला, हा त्याला शोधत फिरतोय आणि मी रोज फोनवर "अजून एकदा जाऊन बघ ना" म्हणतेय. बिल आलं 34 तासांचं. वरचे 14 तास कोर्टाने कापले. साक्षीदार त्याने शोधून दिला होता, आणि त्याच माणसाला मला सांगावं लागलं की उरलेले पैसे मिळणार नाहीत. तो एवढंच म्हणाला, "मग जा म्हणालीस तेव्हाच का नाही सांगितलंस?" ते अजून डोक्यातून जात नाही.

तर हे नीट समजून घ्या. ऑर्डर मिळाली म्हणजे तो माणूस केस संपेपर्यंत आपला झाला असं नाही, ऑर्डरमध्ये लिहिलेत तेवढेच तास आपले. याच कायद्याच्या कलम 3006ए (ई) मध्ये दोन आकडे आहेत. आधी न विचारता घेतलेल्या सेवांचा एकूण खर्च 800 डॉलरच्या आत हवा. आणि एका माणसामागे किंवा संस्थेमागे 2,400 ची मर्यादा, त्याच्या वर जायचं तर जजचं सर्टिफिकेट आणि सर्किटच्या, म्हणजे वरच्या अपील कोर्टाच्या, चीफ जजची मंजुरी, दोन्ही लागतं. हे मूळ कायद्यातले आकडे, ते वाढत जातात, त्यामुळे चालू आकडा दर वेळी बघा. मागाहून मंजुरी मिळतच नाही असं नाही, पण मंजुरीसाठी थांबणं शक्यच नव्हतं हे कोर्टाला पटावं लागतं. मला थांबता आलं असतं. दोन पानांचा अर्ज होता फक्त.

"काम करून घे, व्हाउचरचं नंतर बघू" म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका, पैसे त्यांचे बुडत नाहीत.

मागायला लाजू पण नका. अलाबामात खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या अँथनी रे हिंटनच्या वकिलाला वाटलं एक्स्पर्टसाठी 1,000 डॉलरच मिळतात. ती मर्यादा कायद्यातून आधीच गेली होती, जजने तर अजून लागले तर अर्ज करा असंही सुचवलं होतं. त्याने केला नाही. तेवढ्या पैशात जो एक्स्पर्ट मिळाला त्याला एकच डोळा होता आणि मायक्रोस्कोप नीट वापरता येत नव्हता. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये ही वकिलाची चूक धरली, हिंटन 2015 मध्ये सुटला, जवळपास 30 वर्षं आत काढून. हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती.

अर्ज एक्स पार्टे असतो, म्हणजे सरकारी वकिलाला दिसत नाही. फाइल करताना चुकून पब्लिक डॉकेटवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या केसच्या नोंदीत, टाकलात तर तुमचा सगळा बचाव त्यांच्या टेबलावर, म्हणून बटण दाबायच्या आधी दोनदा बघा. आणि दुसऱ्याच्या अर्जात नाव बदलून देऊ नका, कुठल्या साक्षीदारासाठी किती तास, कशाला, हे लिहा. माझा अनुभव असा की मोजून मागितलं की जज देतात, खरंच देतात.

आता मी इन्व्हेस्टिगेटरला पहिल्याच दिवशी ऑर्डरची कॉपी पाठवते आणि सांगते, 15 तास झाले की थांब आणि मला मेसेज कर, मी परत जा म्हणाले तरी जाऊ नकोस.