नवीन कापड आणू नका! सहावी-सातवीच्या मुलांकडून गोधडीचं बसकर कसं शिवून घ्यायचं

शाळेत शिवणकाम शिकवायचं ठरलं की पहिली चूक काय होते तर आपण दुकानात जाऊन नवीन कापड, फेल्ट, लेस असं सगळं घेऊन येतो, मुलं त्याची फुलं-पाकिटं करतात आणि प्रदर्शन झालं की आठवड्यात ते कचऱ्यात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. पर्यावरणपूरक वस्तू शिकवायची तर तिची कुणाला तरी गरज हवी, म्हणून मी बसकर निवडते. फरशीवर बसणारी मुलं थंडीत कशी अवघडून बसतात ते रोज दिसतं, त्यामुळे गरज शोधायला लांब जावं लागत नाही.

सामान घरातूनच येतं. जुन्या सुती साड्या, धोतर, चादरी, आणि गावातल्या टेलरकडच्या चिंध्या (आधी विचारून ठेवा, बहुतेक जण पोतंभर देतात). सगळं धुऊन आणायला सांगा. मग सुती कुठलं आणि पॉलिस्टर कुठलं ते ओळखायचं, त्यासाठी दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळून दाखवा, पण हे फक्त शिक्षकांनीच करायचं आणि बाजूला पाणी ठेवून. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो, भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एकदा हा मणी बघितला की मुलं घरी जाऊन स्वतःचे शर्ट तपासतात.

कापायच्या आधी एक पूर्ण तास उसवण्यात घालवा. जुना सदरा उसवला की शिवण कुठे होती, कापड आधी कुठे विरलं, उभे-आडवे धागे कसे जातात हे मुलांना आपोआप कळतं, फळ्यावर समजावून इतकं कळत नाही.

आता डिझाईन. ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा चौकोन वर्तमानपत्रावर काढायचा, मग तीन प्रश्न: हे धुणार कसं, वाळणार किती वेळात, फाटलं तर कुठून दुरुस्त करणार? वाळण्याचा प्रश्न फार कामाचा आहे, कारण मुलांना मऊ हवं म्हणून आठ-दहा थर घालायचे असतात आणि मग पावसाळ्यात ते चार दिवस ओलंच. वर-खाली साडी आणि मध्ये दोन-तीन थर, पुरे. कापून उरलेले तुकडे वजनकाट्यावर मोजा, ज्या गटाचे कमी उरले त्यांनी कागदावर मांडणी कशी केली होती ते सगळ्यांना दाखवायचं. ते तुकडेही टाकू नका, वर ठिगळं लावायला येतात.

टाका एकच, धावदोरा. दोरा सुतीच घ्या आणि हातभरापेक्षा लांब ओवू देऊ नका, गुंता झाला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. थर आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, नाहीतर आतलं कापड गोळा होतं. डावखुऱ्या मुलाला शिकवताना शेजारी नको, समोर बसा, म्हणजे तो आरशासारखं बघून शिकतो. सुया मोजून द्यायच्या आणि मोजूनच परत घ्यायच्या, फरशीवर चुंबक फिरवायचा.

आणि आज्यांना बोलवा!! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना सुचवलेत, तेही गावातल्या कारागिरांकडून शिकायला, मग गोधडी शिवणाऱ्या आजीपेक्षा जवळचा कारागीर कुठे मिळणार? आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांनी पट्टी न वापरता बोटाच्या पेराने ओळी सरळ ठेवून दाखवल्या, पोरं बघतच राहिली. कर्नाटकात यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या (मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या) बायका कवंदी म्हणजे त्यांच्याकडची गोधडी शिवतात, त्याचे फोटोही दाखवा, त्या कडेपासून सुरू करून गोल-गोल मध्याकडे येतात.

वेळ असेल तर रंगवा. साधारण कापडाच्या वजनाइतकी कांद्याची सालं, आणि १०० ग्रॅम कापडाला १० ते १५ ग्रॅम तुरटी. कापड आधी तुरटीच्या गरम पाण्यात तासभर, मग सालं उकळून गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर. ते भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका. हळदीचाही एक तुकडा रंगवा, साबण लागला की लाल होतो (भाजीच्या डागाचं होतं तसंच) आणि अर्धा झाकून उन्हात ठेवला तर उघडा भाग विटतो. कुठला रंग टिकतो आणि का, यावर विज्ञानाचा अख्खा तास निघतो.

सगळं मिळून आठ-दहा तास लागतात, घाई करू नका. मार्क टाके सरळ आहेत का यावर देऊ नका, बसकर महिनाभर वापरायला द्या आणि मग बघा कुठे उसवलं. वर्गात एका डब्यात सुई, दोरा, उरलेली ठिगळं ठेवून द्या, ज्याचं उसवेल त्याने मधल्या सुट्टीत स्वतः टाके घालायचे.