बीबीसी मायक्रोची फ्लॉपी ड्राइव्ह: पावसाळ्यात या चुका टाळा

बीबीसी मायक्रो या 1980च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या पडद्यावर ‘डिस्क फॉल्ट 18’ (फ्लॉपी वाचण्यातली चूक) आला की बहुतेक जण आकड्याकडे न बघता तीच फ्लॉपी काढून पुन्हा घालतात, चार-पाच वेळा. इथेच नुकसान होतं. इंटेल 8271 कंट्रोलरच्या (फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) मशीनवर हा आकडा बरंच काही सांगतो. 18 म्हणजे हवा तो सेक्टर (चकतीवरच्या गोल ट्रॅकचा एक तुकडा) सापडला नाही. शून्य-ई (0E) म्हणजे सेक्टर सापडला, पण त्यातला डेटा तपासणीत जुळला नाही. शून्य-सी (0C) म्हणजे सेक्टरचा पत्ताच वाचताना बिघडला. 18 आला तर आधी ड्राइव्हवरचा 40/80 ट्रॅक निवडायचा खटका तपासा. बाकी दोन्हींमध्ये संशय हेडवर (चकतीला टेकून वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर) किंवा फ्लॉपीच्या पृष्ठभागावर घ्यायचा.

खटक्याची खूण सोपी आहे. *कॅट (*CAT) ही आज्ञा दिल्यावर फाइलींची यादी नीट दिसते, पण फाइल उघडली की 18 येतो. यादी शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर असते आणि तो दोन्ही पद्धतींत एकाच जागी असतो, म्हणून ती फसवते. खटका दुसऱ्या बाजूला करा, काम झालं. मात्र 40 ट्रॅकच्या जुन्या फ्लॉपीवर 80 ट्रॅकच्या ड्राइव्हने लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं, जुन्या डेटाच्या कडा तशाच राहतात, आणि मूळ 40 ट्रॅकची ड्राइव्ह दोन्हींची खिचडी वाचते. वाचायला मात्र काही हरकत नाही.

आता गोव्यासारख्या दमट हवेतला खरा शत्रू: बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या खिडकीतून चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते आणि त्यानंतरची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. म्हणून प्रत्येक जुनी फ्लॉपी घालण्याआधी चकती हाताने फिरवून खिडकीतून पूर्ण वर्तुळ बघा, दोन्ही बाजूंनी. ठिपके दिसले तर पाकिटाची वरची कड ब्लेडने उघडा आणि चकती मधल्या भोकाच्या कडेला धरून बाहेर काढा. कोमट डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून बोटांनी अलगद धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा. पुरती सुकल्यावर दुसऱ्या निरुपयोगी फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घाला आणि लगेच प्रत काढा.

हेडसाठी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. नेलपॉलिश रिमूव्हर नको. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये वरचं हेड जोर लावून उचलू नका. त्याची पातळ स्प्रिंग वाकली की ड्राइव्ह गेलीच समजा.

फ्लॉपी तांदळात पुरून ठेवणारेही आहेत. पीठ मिळतं, कोरडेपणा नाही. कॅमेऱ्यासाठी वापरतात तसा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर पुरतो. आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा. एसीच्या खोलीतून फ्लॉपी बाहेर आणली तर तासभर पाकिटातच राहू द्या, नाहीतर चकतीवर दव धरतं.

प्रत काढतानाची चूक सर्वांत महागडी. *एनेबल (*ENABLE, परवानगीची आज्ञा) देऊन लगेच *बॅकअप 0 1 (*BACKUP, प्रत काढायची आज्ञा) द्यायचं. पहिला आकडा मूळ फ्लॉपीच्या ड्राइव्हचा, दुसरा प्रतीच्या ड्राइव्हचा. उलट टाइप झालं तर कोरी फ्लॉपी मूळ फ्लॉपीवर उतरते. म्हणून मूळ फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावा, म्हणजे तिच्यावर लेखन बंद. साडेतीन इंचीत उलट असतं: भोक उघडं म्हणजे लेखन बंद.

‘डिस्क फुल’ आलं म्हणून घाईने *कॉम्पॅक्ट (*COMPACT, विखुरलेली रिकामी जागा एकत्र करणारी आज्ञा) देणारे मेमरीतला प्रोग्राम गमावतात, कारण ही आज्ञा तीच मेमरी वापरते. आधी प्रोग्राम दुसऱ्या फ्लॉपीवर सेव्ह करा. फ्लॉपीच्या एका बाजूला 31 पेक्षा जास्त फाइल मावत नाहीत, तेव्हा जागा रिकामी असूनही अडचण येऊ शकते. तिथे *कॉम्पॅक्टचा उपयोग नाही, फाइल काढाव्याच लागतील.

दिवा सतत पेटलेला आणि मोटर थांबत नाही? चपटी केबल उलटी लागली आहे. लाल कड पिन 1 कडे हवी. तशा अवस्थेत फ्लॉपी आत असेल तर डेटा पुसला जाऊ शकतो, म्हणून केबल जोडल्यावर पहिली चाचणी फ्लॉपीशिवायच. दोन ड्राइव्ह असतील तर टर्मिनेटर (केबलच्या शेवटी लागणारा रोधकांचा संच) फक्त केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवर.

वेग 300 फेरे प्रति मिनिट हवा. ड्राइव्हच्या फिरत्या चाकावर स्ट्रोबच्या (वेग तपासायच्या) रेघा असतील तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली 50 हर्ट्झची पट्टी स्थिर दिसते; एलईडी दिव्याखाली ही तपासणी सहसा जमत नाही.

पावसात वीज जात-येत असते. मशीन बंद-चालू करण्याआधी फ्लॉपी बाहेर काढा. पॉवर सप्लायमधले पारदर्शक आवरणाचे, तडे गेलेले 0.1 आणि 0.01 मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर ओलावा शोषून धूर सोडतात. ते एक्स-2 (थेट मुख्य विजेवर चालणाऱ्या) प्रकारच्या नव्या कॅपॅसिटरने बदलून घ्या, विजेची वायर काढून आणि मुख्य कॅपॅसिटर रिकामा झाल्यावरच.